शेजारच्या अँटेनामुळे बहिरा झालेला वायरलेस सेट : रिसिव्हरमधील बिघाड कसा शोधावा

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की कोल्हापुरात कपाटातले वायरलेस सेट बाहेर निघतात. एकाच इमारतीच्या गच्चीवर तीन-चार अँटेना उभ्या राहतात, कारण जागा तेवढीच असते, केबल तेवढीच लांब असते आणि घाई असते. पाणी ओसरल्यावर त्यांपैकी एखादा सेट माझ्या टेबलावर येतो आणि सोबतची तक्रार ठरलेली असते : "सेट बोलतोय बरोबर, पण ऐकंना झालाय." गळीत हंगामात ऊसवाहतुकीसाठी वापरलेले किंवा यात्रेच्या बंदोबस्तातून परतलेले वॉकीटॉकीही हेच दुखणे घेऊन येतात. असा सेट हाती आल्यावर त्याचा रिसिव्हर खरोखर जळाला आहे की नाही, जळाला असल्यास कोणत्या ठिकाणी, आणि दुरुस्तीनंतर तो पुन्हा का जळणार नाही, हे ठरवण्याची पद्धत येथे मांडत आहे.

प्रथम आकड्यांची कल्पना असावी. चांगला व्हीएचएफ एफएम रिसिव्हर सुमारे ०.२ मायक्रोव्होल्ट इतका क्षीण संदेश समजण्याजोगा ऐकवतो. ५० ओहमच्या हिशेबात हे सुमारे उणे १२० डीबीएम होते (डीबीएम म्हणजे एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये, म्हणजे डीबीत, मोजलेली शक्ती; दर १० डीबीला ती दहापट होते). एक मिलिवॅट म्हणजे ० डीबीएम, ५ वॅटचा हातातला सेट म्हणजे ३७ डीबीएम आणि २५ वॅटचा गाडीतला सेट म्हणजे ४४ डीबीएम. ज्या रिसिव्हरची रचना वॅटच्या कोट्यवधी कोट्यवधी हिश्श्यांत ऐकण्यासाठी केलेली असते, त्याच्या पहिल्याच ट्रान्झिस्टरवर शेजारच्या अँटेनाने अर्धा-पाऊण वॅट ओतला तर काय होईल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. बहुतेक रिसिव्हरना १० डीबीएम, म्हणजे १० मिलिवॅटच्या पुढे धोका सुरू होतो असे धरावे. मी स्वतः ० डीबीएम हीच मर्यादा मानतो, कारण स्वस्त सेटच्या माहितीपत्रकात हा आकडा क्वचितच छापलेला असतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सेट बंद ठेवला म्हणजे तो सुरक्षित राहिला, असे नाही. सेटमधील अँटेना-स्विच, मग तो रिले असो वा पिन डायोडचा, विश्रांतीच्या स्थितीत अँटेना रिसिव्हरकडेच जोडून ठेवतो. ती वाट फक्त पीटीटी, म्हणजे बोलण्यासाठीचे बटण, दाबल्यावर तुटते. मी हा धडा माझ्याच गच्चीवर शिकलो. २५ वॅटच्या सेटची अँटेना जुळवत असताना कठड्यावर, त्या अँटेनापासून हातभर अंतरावर, माझा वॉकीटॉकी बंद करून ठेवला होता. अर्धा तास मी अधूनमधून पीटीटी दाबत राहिलो आणि संध्याकाळी वॉकीटॉकी सुरू केला, तेव्हा तो शेजारच्या गल्लीपलीकडचे काही ऐकेनासा झाला होता. नंतर हिशेब केला तेव्हा त्या रबरी अँटेनात वॅटच्या आसपास शक्ती शिरत असावी, असे निघाले.

तात्पुरता बहिरेपणा आणि कायमचा बिघाड

शेजारचा ट्रान्समीटर सुरू असताना सेटला ऐकू न येणे आणि तो ट्रान्समीटर बंद केल्यावरही ऐकू न येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारात रिसिव्हर दबून जातो. त्याचा पहिला टप्पा प्रबळ संदेशाने भरून जातो आणि क्षीण संदेशाला तेथे जागा उरत नाही. त्यात काहीही जळालेले नसते. म्हणून सेट उघडण्याआधी परिसरातील सर्व ट्रान्समीटर बंद करून तपासणी करावी. एफएम प्रसारण केंद्र किंवा मोबाइल टॉवर आपल्या सांगण्यावरून बंद होणार नाहीत, त्यामुळे शंका असल्यास सेट आणि त्याच जातीचा एक निरोगी सेट बरोबर घेऊन दोन-तीन किलोमीटर दूर, मोकळ्या माळावर जाऊन दोन्हींची तुलना करावी. स्वस्त वॉकीटॉकींचे पुढचे फिल्टर इतके ढिले असतात की ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या प्रसारण पट्ट्यातील जोरदार केंद्रासमोर ते १४५ मेगाहर्ट्झवरही दबतात. माळावर दोन्ही सेट सारखेच ऐकत असतील, तर दुरुस्ती सेटची करायची नसून जागेची करायची आहे.

तुलनेसाठी निवडलेला संदेश मात्र क्षीण असला पाहिजे, आणि नेमकी इथेच बहुतेकांची फसगत होते. पन्हाळ्यासारख्या उंच जागेवरून येणारा एखाद्या रिपीटरचा (संदेश घेऊन पुन्हा प्रसारित करणाऱ्या केंद्राचा) संदेश शहरात उणे ७० डीबीएम इतका जोरदार असेल, तर निरोगी सेटजवळ ५० डीबीची शिल्लक असते. त्यातील ३० डीबी नष्ट झाले तरी आवाज पूर्वीइतकाच स्वच्छ येतो आणि मालक म्हणतो की रिसिव्हर ठणठणीत आहे. ३० डीबी म्हणजे शक्तीच्या हिशेबात हजारपट घट. तिचा पत्ता फक्त दूरच्या, कुरकुरत येणाऱ्या संदेशावर लागतो. हवेत चाचणी संदेश सोडायचा असेल तर ज्या फ्रिक्वेन्सीचा परवाना आपल्याकडे आहे त्याच फ्रिक्वेन्सीवर सोडावा; हौशी परवानाधारकांना भारतात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा उपलब्ध आहे. सहकाऱ्याला सर्वांत कमी शक्तीवर, अँटेनाऐवजी शक्ती जिरवणारा डमी लोड जोडून, दोन-तीन इमारतींपलीकडे बसवले की पुरेसा क्षीण संदेश मिळतो.

दुसरी फसगत खरखरीची. स्क्वेल्च, म्हणजे संदेश नसताना खरखर दाबून ठेवणारी सोय, उघडल्यावर येणारी जोरदार खरखर ऐकून रिसिव्हर जिवंत आहे असा निष्कर्ष काढला जातो, पण एफएम सेटमध्ये ती खरखर मुख्यतः आयएफच्या, म्हणजे सेटच्या आत बदलून घेतलेल्या मधल्या फ्रिक्वेन्सीच्या, प्रचंड प्रवर्धनातून येते. अँटेनाजवळचा ट्रान्झिस्टर पूर्ण मेला तरी ती तशीच राहते. खरखर नसेल तर बिघाड नंतरच्या टप्प्यांत, संदेशातून आवाज वेगळा काढणाऱ्या डिमॉड्युलेटरमध्ये किंवा आवाजाच्या भागात आहे आणि शेजारच्या अँटेनावर संशय घेण्याचे कारण नाही. खरखर आहे एवढ्यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही.

उघडण्याआधीच्या चाचण्या

सर्वांत आधी अँटेना आणि केबल निर्दोष ठरवावी. केबलमध्ये पाणी शिरणे हा कोल्हापूरच्या पावसात इतका नेहमीचा प्रकार आहे की त्याच्याकडे दुर्लक्ष करून सेट उघडणे म्हणजे आजार पायाचा आणि पट्टी डोक्याला. संशयित सेट काढून त्याच केबलला निरोगी सेट जोडावा. तो नीट ऐकत असेल तर केबल आणि अँटेना निर्दोष ठरली. मग संशयित सेट वॅटमीटरमधून डमी लोडला जोडून ट्रान्समीटरची शक्ती मोजावी. शक्ती पूर्ण असेल तर कनेक्टर, बाहेरचा लो-पास फिल्टर आणि अँटेना-स्विचची पाठवणारी बाजू या तिन्ही गोष्टी ठीक आहेत, कारण पाठवणे आणि ऐकणे तेथपर्यंत एकाच वाटेने जाते. पाठवणे शाबूत आणि ऐकणे गेलेले, ही जोडी रिसिव्हरच्या पुढच्या भागाकडे बोट दाखवते.

यानंतर नुकसान डेसिबलमध्ये मोजावे. "कमी ऐकतो" हे निदान नव्हे. सिग्नल जनरेटर असेल तर उत्तमच. नसल्यास चाचणी संदेश देऊ शकणारे टायनीएसएसारखे छोटे उपकरण चालते. त्याचे सर्वांत क्षीण आउटपुट सुमारे उणे ७६ डीबीएम असते, त्यापुढे संदेश प्रत्येकी ३० डीबीने घटवणारे दोन अॅटेन्युएटर जोडले की उणे १३६ पर्यंत पोहोचता येते. हे जोडण्यापूर्वी माइक काढून टेबलाखाली ठेवावा. जनरेटर जोडलेला असताना चुकून पीटीटी दाबली गेली तर रिसिव्हरच्या जोडीला उपकरणही जाते. हातातल्या सेटची पीटीटी तर अंगावरच असते, म्हणून तिथे पहिला अॅटेन्युएटर ट्रान्समीटरची पूर्ण शक्ती सोसणारा असावा आणि सेट सर्वांत कमी शक्तीवर ठेवलेला असावा.

संदेश आणि खरखर यांचे प्रमाण मोजणारा सिनॅड मीटर घरी कोणाकडे नसतो, पण त्याची गरजही नाही. स्क्वेल्च पूर्ण उघडून स्पीकरच्या तारांवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावावा आणि आवाजाची कळ फिरवून खरखरीचे वाचन, समजा, १ व्होल्टवर आणावे. आता मॉड्युलेशन नसलेला शुद्ध वाहक संदेश हळूहळू वाढवत न्यावा. खरखर ०.१ व्होल्टपर्यंत उतरली की ती २० डीबीने शांत झाली. त्या वेळी जनरेटरची पातळी किती होती, तेवढे लिहून ठेवावे. निरोगी सेटमध्ये ही पातळी साधारण उणे ११९ ते उणे ११३ डीबीएमच्या दरम्यान येते. साधा मल्टिमीटर वरच्या ध्वनिलहरी अचूक मोजत नाही, परंतु त्याच मल्टिमीटरने, त्याच मांडणीत निरोगी आणि संशयित असे दोन्ही सेट मोजले तर फरकाचा आकडा विश्वासार्ह असतो, आणि आपल्याला फरकच हवा आहे.

एवढ्या खालच्या पातळीवर एक अडचण हमखास येते. स्वस्त जनरेटरच्या खोक्यातून संदेश हवेत गळतो आणि केबल सोडून थेट सेटमध्ये शिरतो. मग मेलेला सेटही उणे १२० वर ऐकतो असे दिसते. याची खात्री करण्यासाठी सेटला जनरेटरऐवजी ५० ओहमचा टर्मिनेटर लावावा आणि जनरेटर जवळच सुरू ठेवावा. सेट तरीही ऐकत असेल तर सेट आणि जनरेटर यांच्यात अंतर वाढवावे; पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सेट ठेवण्याचा उपायही चांगला चालतो. माझ्याकडे त्यासाठी जुना बिस्किटांचा डबा आहे.

आकड्यावरून जागा ओळखणे

हाती आलेला फरक बोलका असतो. पाच-सहा डीबीची घट असेल तर एखादा संरक्षक डायोड गळू लागला असावा किंवा ट्रान्झिस्टर अर्धवट जखमी झाला असावा. असा सेट मालकाला कधी जाणवत नाही आणि तो तसाच वर्षानुवर्षे वापरला जातो. १० ते २० डीबीच्या घटीत संरक्षक डायोड किंवा पुढच्या फिल्टरमधील व्हॅरॅक्टर (व्होल्टेजने फिल्टर जुळवणारा डायोड) शॉर्ट झालेला असण्याची शक्यता मोठी. ३० ते ५० डीबी गेले असतील तर पहिला ट्रान्झिस्टर मेला आहे असे मी जवळजवळ धरून चालतो. त्यामागचे गणित असे की, जिवंत ट्रान्झिस्टर १५ ते २० डीबी प्रवर्धन देत असतो. तो मेल्यावर ते प्रवर्धन तर जातेच, शिवाय तो वाटेतला अडथळा बनून आणखी तेवढीच घट करतो. हे आकडे दिशा दाखवतात, निकाल देत नाहीत; प्रत्येक सेटची रचना वेगळी असते.

सेट उघडल्यावर सर्व्हिस मॅन्युअलमधील आकृती समोर असावी आणि अँटेनाकडून आत जावे : स्विचचे पिन डायोड, संरक्षक डायोडची उलटसुलट जोडी, पहिला बँडपास फिल्टर, आरएफ ट्रान्झिस्टर, दुसरा फिल्टर आणि संदेश आयएफवर आणणारा मिक्सर. सेटला वीज न देता डायोडची चाचणी घ्यावी. निरोगी सिलिकॉन डायोड एका दिशेने ०.६ ते ०.७ व्होल्ट दाखवतो; उलटसुलट जोडी दोन्ही दिशांनी तेवढेच दाखवते, आणि शून्याजवळचे वाचन म्हणजे शॉर्ट. मात्र समांतर कॉइल असेल तर निरोगी डायोडही शॉर्ट वाटतो, म्हणून आकृती पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. प्रसंगी त्याचे एक टोक सोल्डरवरून उचलावे.

त्यानंतर वीज देऊन आरएफ ट्रान्झिस्टरचे डीसी व्होल्टेज मोजावे. बीएफ९९८ सारखे दोन गेटांचे मॉसफेट अनेक सेटमध्ये आढळतात. त्यांचे गेट आत अत्यंत पातळ ऑक्साइडने वेगळे ठेवलेले असते. जास्त आरएफने ते फुटले की गेटवरून प्रवाह वाहू लागतो आणि दुसऱ्या गेटवर अपेक्षित असलेले तीन-चार व्होल्ट खाली बसतात. ड्रेनकडे पुरवठ्याचे व्होल्टेज आहे, पण सोर्सच्या रेझिस्टरवर काहीच व्होल्टेज पडत नाही, म्हणजे ट्रान्झिस्टरमधून प्रवाहच वाहत नाही. बायपोलर ट्रान्झिस्टर असेल तर बेस आणि एमिटर यांच्यात ०.७ व्होल्टच्या आसपास मिळाले पाहिजेत. सर्व डीसी व्होल्टेज बरोबर असूनही ट्रान्झिस्टर जखमी असू शकतो. तेव्हा व्होल्टमीटरने समाधान मानू नये.

अशा वेळी मी जुनी युक्ती वापरतो. जनरेटरचा क्षीण संदेश सुरू ठेवून, अँटेनाच्या तोंडापासून सुरुवात करून, त्याची तार, दहा-वीस पिकोफॅराडच्या कपॅसिटरमधून, एकेका टप्प्याच्या पुढे टेकवत जावे. आरएफ ट्रान्झिस्टरच्या आधी टेकवल्यापेक्षा त्याच्या नंतर टेकवल्यावर संदेश अधिक जोरात येत असेल, तर आरोपी त्या दोन बिंदूंच्या मध्ये सापडला. निरोगी सेटमध्ये याच्या उलट घडते. मिक्सरपर्यंत सर्व मृतवत वाटले तर पहिल्या आयएफवर, अनेक सेटमध्ये २१.४ किंवा ४५.१ मेगाहर्ट्झवर, संदेश देऊन मिक्सरनंतरचा भाग निर्दोष असल्याची खात्री करावी. एकाच चिपभोवती बांधलेल्या स्वस्त वॉकीटॉकीत हा सगळा प्रवास शक्य नसतो. तिथे चिपच्या आधीचा एकमेव ट्रान्झिस्टर आणि दोन डायोड बदलून पाहावेत, आणि त्याने भागले नाही तर चिप बदलण्याच्या नादी लागू नये. त्या मजुरीत नवा सेट येतो.

उन्हाळ्यातल्या वळवाच्या विजांनीही हेच ट्रान्झिस्टर जातात. फरक पुष्कळदा आजूबाजूच्या खुणांत दिसतो : विजेच्या धक्क्याने सहसा वीजपुरवठ्याचा भाग, माइकची वाट किंवा स्विचचे डायोडही जखमी होतात, तर शेजारच्या ट्रान्समीटरने झालेले नुकसान पुढच्या एका-दोन घटकांपुरते मर्यादित आणि स्वच्छ असते. मालकाला एवढेच विचारावे की त्या दिवशी गच्चीवर अजून कोणाची अँटेना होती. उत्तर बहुधा "होती की एक" असेच येते.

बदलताना मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधावा, मॉसफेट शेवटपर्यंत त्याच्या पाकिटातच ठेवावा, आणि ट्रान्झिस्टरसोबत संरक्षक डायोडही बदलावेत, कारण जखमी डायोड नव्या ट्रान्झिस्टरचे रक्षण करणार नाही. नंतर पुढच्या फिल्टरची जुळवणी तपासून पूर्वीचीच मोजणी पुन्हा करावी.

गच्चीवरचे माप

सेट परत देण्यापूर्वी दोन अँटेनांमधील विलगता, म्हणजे एकीची शक्ती दुसरीत पोहोचेपर्यंत किती डीबीने घटते, हे मोजणे हा निदानाचाच भाग मी समजतो, नाहीतर तोच सेट पुढच्या पावसाळ्यात पुन्हा टेबलावर येतो. नॅनोव्हीएनए या अँटेना तपासण्याच्या छोट्या उपकरणाच्या एका पोर्टला एका अँटेनाची केबल आणि दुसऱ्या पोर्टला दुसरीची जोडून एस२१ (पहिल्या पोर्टमधून दुसऱ्यात किती संदेश पोहोचतो त्याचे माप) वाचले की, केबलची घट धरून, खरा आकडा थेट मिळतो. त्या काळात गच्चीवरील प्रत्येक ट्रान्समीटर बंदच नव्हे, तर केबलपासून सुटा असला पाहिजे. नाहीतर तपासणी करणारे उपकरणच रुग्ण बनते.

उपकरण नसेल तर हिशेबाने अंदाज येतो. १४५ मेगाहर्ट्झवर तरंगलांबी सुमारे २.०७ मीटर असते. दोन उभ्या डायपोल अँटेना एकाच उंचीवर, १ मीटर अंतरावर असतील तर विलगता फक्त ११ ते १२ डीबी मिळते. २५ वॅटपैकी जवळजवळ पावणेदोन वॅट शेजारच्या रिसिव्हरच्या दारात पोहोचतात. अंतर दुप्पट केल्यावर ६ डीबीची भर पडते, म्हणजे ४ मीटरवर सुमारे ११५ मिलिवॅट आणि १६ मीटरवर सुमारे ७ मिलिवॅट. माझ्या ० डीबीएमच्या मर्यादेत बसायचे तर ४४ डीबी विलगता हवी आणि त्यासाठी आडवे अंतर चाळीस मीटरहून अधिक लागेल. उद्यमनगरातल्या कोणत्या गच्चीला एवढी लांबी आहे? तेच दोन डायपोल एकाच खांबावर, बरोबर एकाखाली एक ठेवले, तर उभ्या अँटेनाच्या टोकाच्या दिशेने किरणोत्सर्ग जवळजवळ नसल्यामुळे सुमारे ५ मीटर उभे अंतर पुरते. खांब आणि खाली उतरणारी केबल यांमुळे प्रत्यक्षात काही डीबी कमी मिळतात, तरी चाळीसच्या जागी पाच-सहा मीटर हा सौदा सोडण्यासारखा नाही. उंची मिळत नसेल आणि दोन्ही फ्रिक्वेन्सी ठरलेल्या व पुरेशा दूर असतील, तर फक्त आपली फ्रिक्वेन्सी आत सोडणारा कॅव्हिटी फिल्टर लावावा. चार दिवसांच्या पूरकामासाठी एवढा खर्च पेलवत नसेल, तर न वापरत्या सेटची केबल काढून ठेवणे हा फुकटचा उपाय आहे. चार्जरवर शेजारी-शेजारी उभे केलेले वॉकीटॉकीही याच नियमात येतात. त्यांपैकी एकावर बोलायचे तर तो उचलून दोन-तीन मीटर दूर जावे.

दुरुस्त सेट पुन्हा गच्चीवर बसवल्यावर शेजारचा ट्रान्समीटर प्रथम ५ वॅटवर मिनिटभर चालवावा, तो थांबवून आपल्या सेटची २० डीबी शांततेची पातळी मोजावी, मग २५ वॅटवर तेच करावे. तिन्ही वाचने, म्हणजे टेबलावरचे आणि गच्चीवरची दोन, १-२ डीबीच्या आत जुळली तरच कनेक्टरवर पाणीरोधक टेप गुंडाळून केबल खांबाला पक्की बांधावी, आणि ती तीन वाचने तारखेसह सेटच्या तळाशी चिकटवावीत.